आजारलाभ (राज्य कामगार विमा योजना)

दुखण्यामुळे कामावर हजर राहता येत नाही आणि त्या दिवसांची मजुरीही बुडते, अशा विमेदार कामगारास राज्य कामगार विमा योजनेतून मिळणारी रोख रक्कम. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सादर केलेल्या अहवालाच्या पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला; २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि १९५४ मध्ये योजना मुंबईच्या गिरणगावात पोहोचली. या कायद्यातील तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आल्या आहेत.

साधारण आजारलाभ सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के असून तो वर्षाकाठी जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो; दुखण्याचे पहिले दोन दिवस सामान्यतः कोरडेच जातात. क्षय, कर्करोग, पक्षाघात यांसारख्या ३४ चिवट रोगांत ही मुदत संपल्यावर ८० टक्के दराने विस्तारित लाभ मिळतो व तो दोन वर्षांपर्यंत वाढविता येतो. पात्रता मात्र मागील हजेरीपटावर ठरते. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असली, तरच पुढील जानेवारी ते जून या काळातील आजारपणात साधारण लाभ मिळतो. सरासरी रोज ५०० रुपये कमावणारा कामगार फेब्रुवारीत क्षयाने अंथरुणास खिळला, तर त्यास प्रथम ३५० व पुढे ४०० रुपये रोज मिळतील. पण या वाढीव रकमेसाठी दोन वर्षांची अखंड नोकरी आणि मागील चार सहामाह्यांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. या कंत्राटदाराकडून त्या कंत्राटदाराकडे जाता जाता ज्याच्या नोकरीत खंड पडत राहतो, त्या मजुराला हीच अट नेमकी आडवी येते. ज्याच्या गाठीस काहीच शिल्लक नसते तोच असा वगळला जावा, हा या योजनेतील सर्वांत दुःखद दोष होय.

लाभ मागण्याची सारी मदार वैद्यकीय दाखल्यावर असते. विमा दवाखान्यात दाखला घ्यावा, आजार लांबल्यास मुदत संपण्यापूर्वी पुढचा घ्यावा आणि मागणीअर्जासह शाखा कार्यालयात गुजरावा. दोन दाखल्यांमध्ये राहिलेला खंड हेच पुष्कळदा रक्कम अडण्याचे कारण ठरते. म्हणून तापाने फणफणलेल्या माणसाऐवजी घरच्या कोणी तारखांवर नजर ठेवणे अगत्याचे आहे. रजेचा पगार घेतलेल्या दिवसाचा लाभ मिळत नाही, तसेच उपचार चालू असताना परवानगीवाचून गावी निघून जाणे नियमाविरुद्ध आहे.

लाभ चालू असताना मालकास कामगाराला कामावरून काढता येत नाही, त्याची पायरी घटविता येत नाही वा त्यास शिक्षाही करता येत नाही. मालकाने वेतनातून वर्गणी कापूनही भरली नसल्यास किंवा मागणी नाकारली गेल्यास कामगार विमा न्यायालयाकडे दाद मागता येते. त्यासाठी रक्कम देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत मूळ मागणी केलेली असणे आवश्यक असते.