न दिसणारं दुखणं

गाडीला मागून धडक बसते, मानेला हिसका बसतो. हाड मोडत नाही, तरी कुणाकुणाची मान महिनोन्‌महिने दुखते. मग घरचे म्हणतात, "सोंग करते."

हा संशय जुना आहे. इंग्लंडमध्ये रेल्वे अपघातांनंतर प्रवासी असंच दुखणं सांगत, भरपाई मागत. १८६६ मध्ये लंडनचे सर्जन एरिक्सन यांनी पाठीच्या कण्याला हादरा बसतो, असं पुस्तकात मांडलं. १८८३ मध्ये रेल्वे कंपनीचे सर्जन पेज म्हणाले, पुष्कळदा ती भीती असते.

उपचारही बदलले. पूर्वी मानेला पट्टा आणि विश्रांती असे. १९९५ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या तज्ज्ञांनी लवकर हालचालीवर भर दिला. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तशी मान हलवत राहा. हाताला मुंग्या आल्या, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि बाई दुखतंय म्हणाली, तर आधी तिचं खरं माना.