मेंदूसाठी घडलेली साखर

शेजारच्या काकांच्या घशात गाठ निघाली. पेट स्कॅनसाठी त्यांना आमच्या जठारपेठेतून नागपूरला नेलं. बोटातून रक्त काढून साखर तपासली, किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन दिलं आणि तासभर एका खोलीत गप्प बसवलं. बोलायचं नाही, काही चघळायचं नाही. आयुष्यभर खर्रा चघळलेल्या काकांना ते जड गेलं. कारण विचारलं तर टेक्निशियन म्हणाला, "गळ्याचे स्नायू हलले की तेही साखर ओढतात, मग तेही चित्रात उजळतात." या साखरेचं कूळ शोधायला मी तिथूनच लागलो.

पुस्तकं ते ओटो वारबुर्गपासून सांगतात. कॅन्सरच्या पेशी साखर फार खातात, हे त्यानं १९२०च्या दशकात दाखवलं. म्हणून पुढे किरणोत्सारी साखर टोचून गाठ शोधू लागले. मला हे पटत नाही. वारबुर्गच्या बाजूनं एक पुरावा जरूर आहे: डीऑक्सीग्लुकोज ही अर्धवट साखर १९५८ साली कॅन्सरच्या रुग्णांना देऊन पाहिली होती. पण हेतू गाठ उपाशी मारायचा होता, बघायचा नव्हता. आणि उपासमार झाली ती मेंदूची. माझा तर्क असा, की संशोधकांची नजर मेंदूकडे वळली ती इथेच. ही साखर पेशीत शिरते, पहिल्या पायरीवर फॉस्फेट चिकटतं आणि पुढची पायरी चढता न आल्यानं ती तिथेच अडकते. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या लुई सोकोलॉफनं याच अडकण्यावरून मेंदूची भूक मोजली.

याच साखरेचं फ्लोरिन जोडलेलं रूप प्राग इथल्या रसायनशास्त्रज्ञांनी आधीच केलं होतं. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत या साखरेला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडला आणि ऑगस्ट १९७६मध्ये ती विमानानं फिलाडेल्फियाला नेली. घाई होतीच, कारण दर ११० मिनिटांनी हा फ्लोरिन निम्मा होतो. साडेपाच तासांत उरतो जेमतेम आठवा हिस्सा. तिथे डॉक्टर अबास अलवींनी ती टोचली निरोगी माणसांना, मेंदू पाहायला. कॅन्सरच्या गाठी नंतर आल्या, आणि माणसांत त्याही आधी मेंदूतल्याच.

मुंबईत पेट स्कॅन २००२ साली आला. २०१६च्या एका ब्रिटिश चाचणीत डोकं-मानेच्या कॅन्सरचे ५६४ रुग्ण होते. केमो-रेडिएशननंतर स्कॅन स्वच्छ आला तर मानेचं ऑपरेशन टाळता येतं, हे तिनं दाखवलं.

काकांच्या चित्रात गाठ उजळली होती. पण सगळ्यात लख्ख होता तो वर मेंदू, अगदी निरोगी.