काळी शेळी, पांढरा अजगर

सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागतं. धाराशिवचं जुनं नाव लावणारी उस्मानाबादी शेळी ही या मुलखाची ओळख. ती बहुतेक काळीच, क्वचित पांढरी, तपकिरी किंवा ठिपकेदार. पण तिचं नाव झालं ते दुष्काळात तग धरते, मटण चांगलं देते आणि अनेकदा जुळी करडं देते म्हणून. रंगाला इथं दुय्यम मान.

जगात दुसरीकडे याच्या नेमकं उलट घडलं. तिथं फक्त रंग बघून साप पैदा केले गेले.

आफ्रिकेतला बॉल पायथन मुळात काळा-तपकिरी. १९९२ साली अमेरिकेत बॉब क्लार्क यांच्याकडे पाळीव जोडीपासून पहिली अल्बिनो पिल्लं जन्मली: पांढरी-पिवळी, लाल डोळ्यांची. यामागचा नियम मेंडेलनं १८६६ मध्येच वाटाण्यांवरून मांडला होता. जगानं तो ओळखला १९०० साली.

नियम सोपा आहे. प्रत्येक गुणाची जनुकं दोन, एक आईकडून, एक बापाकडून. अल्बिनोचं जनुक अप्रभावी, म्हणजे दोन्ही आल्याशिवाय ते दिसत नाही. एकच असलेला साप साधा दिसतो, पण आत ते जनुक वाहत असतो. असे दोन वाहक जुळवले, तर प्रत्येक अंड्यात अल्बिनोची शक्यता चारात एक. चार अंड्यांत एक निघेलच, असं मात्र नाही. प्रत्येक अंडं नवी सोडत!

मग १९९९ च्या सुमारास ‘स्पायडर’ आला, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेला. त्याचं जनुक प्रभावी, एकच पुरतं. त्यामुळे साध्या सापाशी जोडी लावली तरी साधारण निम्मी पिल्लं स्पायडर. धंदा जोरात चालला. पण या सापांची मान डुगडुगते, काहींना भक्ष्यावर नीट झडपही घालता येत नाही. २०२२ च्या एका अभ्यासात त्यांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली आढळली. वर्षानुवर्षं प्रयत्न करूनही नक्षी आणि डुगडुग वेगळी करता आली नाही.

पैदास करणाऱ्यानं निवडली फक्त नक्षी. व्यंग त्याच जनुकातून सोबत आलं, आणि ते भोगतो साप.

म्हणून मोबाइलवर एखाद्या रंगीत सापाचा व्हिडिओ दिसला, तर रंगावर भाळण्याआधी एकदा त्याच्या मानेकडे बघा. आणि तामलवाडीवरून जाताना माळावरच्या त्या काळ्या शेळीकडेही.