आजोबांच्या कपाटातलं बंद एचएमटी टाकू नका: घड्याळांच्या संग्रहाची सुरुवात तिथूनच होऊ शकते

बऱ्याच घरांत कपाटाच्या खणात, जुन्या पासबुकांच्या आणि लग्नपत्रिकांच्या खाली एक घड्याळ पडलेलं असतं. काचेवर चरे, पट्टा तुटलेला आणि काटे कुठल्या तरी दिवशीच्या सव्वाचारवर थांबलेले. दिवाळीच्या आवराआवरीत ते हाती लागतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "बंदच आहे ते, टाकून दे."

टाकण्याआधी त्याच्या डायलवर काय लिहिलंय ते वाचा. तिथे 'एचएमटी' ही अक्षरं असतील, तर घड्याळं जमवायचा छंद सुरू करायला याहून चांगली जागा नाही.

घड्याळांचा संग्रह म्हटलं की रोलेक्स, ओमेगा आणि लाखोंच्या किमती डोळ्यांसमोर येतात. पण एचएमटीची बरीचशी जुनी घड्याळं आजही काही हजार रुपयांत मिळतात, आणि ती उघडून दुरुस्त करणारे कारागीर गावोगावी अजून आहेत. अडचण एकच आहे. बाजारात जितकी अस्सल एचएमटी आहेत, तितकाच रंगरंगोटी केलेल्या घड्याळांचाही सुळसुळाट आहे. त्यामुळे या छंदात पहिली शिकायची गोष्ट म्हणजे अस्सल ओळखणं.

देशाचं घड्याळ

हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये स्थापन झाली. नावाप्रमाणे तिचं मूळ काम यंत्रं बनवणारी यंत्रं तयार करण्याचं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने बंगळुरूत मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू झाला. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग इथेही घड्याळं बनू लागली.

जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन, जवान, रजत अशी नावं घराघरांत पोहोचली. अंधांसाठी ब्रेल घड्याळही एचएमटीने बनवलं. लग्नात जावयाला आणि निवृत्तीच्या दिवशी कर्मचाऱ्याला एचएमटी देण्याची जणू रीतच पडली होती.

मग क्वार्ट्झचा जमाना आला. १९८७ पासून टायटनची घड्याळं दुकानांत दिसू लागली आणि रोज चावी द्यायचा कंटाळा असलेल्या ग्राहकाने तिकडे मोर्चा वळवला. अखेर २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

मूळ कंपनी या नावाची घड्याळं आजही मर्यादित प्रमाणात विकते. पण जुन्या काळातली जनता किंवा पायलट जितकी बनायची तितकी बनून झाली आहेत. त्यांचे मूळ सुटे भागही आता फक्त जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच मिळतात.

आत नेमकं काय चालतं?

जनतासारख्या घड्याळात बॅटरी नसते. चावी दिली की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. ती हळूहळू सुटते आणि दातेरी चाकांना फिरवते. ही चाकं एकदम भरकन फिरू नयेत म्हणून बॅलन्स व्हील नावाचं छोटं चाक मागेपुढे डोलत त्यांना एकेक दात पुढे सोडतं. कानाला लागणारी टिकटिक याच चाकाची.

या घड्याळांत ती साधारण सेकंदाला ५ वेळा, म्हणजे तासाला १८,००० वेळा होते. दिवसाचे झाले ४ लाख ३२ हजार ठोके!

डायलवर लिहिलेले '१७ ज्वेल्स' ही शोभेची रत्नं नसतात. कारखान्यात तयार केलेल्या माणकाचे ते बारीक तुकडे असतात. धातूचा आस धातूवर घासून झिजू नये, म्हणून तो या गुळगुळीत, टणक तुकड्यांत बसवतात.

असं घड्याळ दिवसाला २०-३० सेकंद पुढेमागे झालं तर बिघडलं असं समजू नका. दिवसाला २० सेकंद म्हणजे दर ४,३२० सेकंदांत एक सेकंद. निव्वळ स्प्रिंग आणि चाकांवर चालणाऱ्या, चाळीस-पन्नास वर्षं जुन्या यंत्रासाठी ही कामगिरी उत्तम आहे.

पहिलं घड्याळ कोणतं घ्यावं?

घरात असेल तर तेच. त्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक असतो आणि ते खोटं असण्याची शक्यताही कमी.

विकतच घ्यायचं असेल तर 'जनता'पासून सुरुवात करावी. साधी डायल, हाताने चावी देण्याचं मशीन आणि जुन्या कारागिरांच्या ओळखीची रचना. काही जनता घड्याळांवर नाव देवनागरीत असतं, त्यांना संग्राहक विशेष जपतात. दुसरी पसंती काळ्या डायलच्या 'पायलट'ला मिळते. मात्र सर्वाधिक फसवणूकही त्याच्याच नावाने होते.

'मुंबई स्पेशल' म्हणजे काय?

जगभरातले संग्राहक एक शब्द वापरतात, 'मुंबई स्पेशल'. ऐकायला एखाद्या सँडविचसारखा वाटला, तरी तो कौतुकाचा नाही. आत जुनं मशीन, वर नव्याने छापलेली डायल, तिसऱ्याच घड्याळाचे काटे आणि घासून चकचकीत केलेली केस, अशा जुळवलेल्या घड्याळाला हे नाव पडलं आहे.

असं घड्याळ चालतं, वेळही दाखवतं. मग बिघडलं कुठे? एक तर ते अस्सल म्हणून विकलं जातं आणि पुन्हा विकायला गेलात तर जाणकार ते घेत नाही. दुसरं म्हणजे असं एक घड्याळ बनताना अनेकदा एक मूळ डायल खरवडून कायमची पुसलेली असते.

पैसे देण्याआधी या गोष्टी पाहाव्यात:

• छपाई: भिंगातून अक्षरं बघा. कडा फुटलेल्या, शाई पसरलेली किंवा अक्षरं तिरकी असतील तर डायल पुन्हा रंगवलेली असू शकते.

• खुणा: मिनिटांच्या रेषा तासांच्या आकड्यांसमोर नेमक्या येतात का? मिनिटकाटा त्या रेषांपर्यंत पोहोचतो का?

• रंग: भडक गुलाबी, नारिंगी किंवा एखादं चित्र छापलेलं 'पायलट' दिसलं, तर जुन्या जाहिरातींतल्या फोटोंशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

• वय: केस झिजलेली आणि डायल मात्र कालच छापल्यासारखी कोरी? मग प्रश्न विचारा.

• आतलं मशीन: मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. ऑनलाइन घेत असाल तर मशीनचा स्पष्ट फोटो मागवा. टाळाटाळ झाली तर सौदा सोडून द्या.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात फेरी मारणार असाल, तर पहिल्या दोन-तीन खेपा फक्त बघायला जा. घड्याळं हातात घ्या, भाव विचारा आणि रिकाम्या हाताने परत या. नजर अशीच तयार होते.

दुरुस्तीला देताना आधी हे सांगा

घरातल्या अनेक घड्याळांचं नुकसान चांगल्या हेतूनेच होतं. नातू आजोबांचं घड्याळ दुकानात देतो आणि 'एकदम नव्यासारखं करा' म्हणतो. दुकानदार सांगितल्याप्रमाणे डायल बदलतो, केस घासतो. मागच्या झाकणावर कोरलेलं आजोबांचं नाव आणि निवृत्तीची तारीखही त्या घासण्यात पुसट होते. परत येतं ते नवं दिसणारं, पण आजोबांचं न राहिलेलं घड्याळ.

म्हणून घड्याळजीला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. डायल आणि काटे बदलू नका. केसला पॉलिश मारू नका. एखादा भाग बदलावाच लागला तर जुना भाग परत द्या.

यंत्र मात्र पूर्ण उघडून, धुऊन, नवं तेल घालून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर आतलं तेल सुकतं. असं कोरडं घड्याळ चावी देऊन रोज चालवलं, तर भाग झिजतात. चरे पडलेली प्लॅस्टिकची काच बदलायला हरकत नाही, ती झीज होण्यासाठीच असते.

रोजची काळजी

• चावी रोज साधारण एकाच वेळी द्या. घट्ट लागली की थांबा, जोर लावू नका.

• तारीख दाखवणारं घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख हाताने बदलू नका. तेव्हा आतली चाकं तारीख पुढे ढकलण्याच्या तयारीत असतात आणि दाते मोडू शकतात.

• डायलवर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असलं, तरी जुन्या घड्याळाला पाण्यापासून दूरच ठेवा. आतलं रबर केव्हाच कडक झालेलं असतं.

• स्पीकर आणि चुंबकाचं झाकण असलेल्या मोबाइल कव्हरजवळ घड्याळ ठेवू नका. चुंबकामुळे ते अचानक खूप पुढे धावू लागतं.

संग्रह म्हणजे नुसती संख्या नाही

एक वही करा. प्रत्येक घड्याळ कुठून आलं, कोणाचं होतं, केव्हा दुरुस्त केलं, कोणता भाग बदलला हे लिहून ठेवा. पहिल्या वर्षात दहा घड्याळं घेण्यापेक्षा दोन अस्सल घड्याळं आणि अशी नोंद असलेली वही जास्त मोलाची.

आणि घरात आजी-आजोबा असतील, तर ते घड्याळ कोणत्या पगारात, कोणत्या निमित्ताने घेतलं होतं, हे त्यांना आजच विचारून त्या वहीत लिहा. सुटे भाग बाजारात शोधून मिळतील, पण ही माहिती दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.