वरसईची कावड

१८५७ च्या उन्हाळ्याच्या तोंडी पेणजवळच्या वरसई गावातून दोन भिक्षुक उत्तरेच्या वाटेला लागले. एक विष्णुभट गोडसे, तिशीच्या आसपासचे, आणि दुसरे त्यांचे काका रामभट. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्यावर सात-आठ लाख रुपये खर्च होणार असल्याची बातमी कोकणापर्यंत पोहोचली होती. यज्ञात दक्षिणा मिळेल, तीर्थयात्रा होईल आणि परत येऊन सावकारांचे देणे भागवता येईल, असा हिशेब होता. वाटेत बंड पेटले, यज्ञ बाजूला राहिला, झाशीच्या वेढ्यात काका-पुतण्या अडकले आणि जवळजवळ तीन वर्षांनी घरी परतले. पुढे पंचवीसेक वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, विष्णुभटांनी हे सारे मोडीत लिहून काढले. त्यांच्या मागे, १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्यांनी ते ‘माझा प्रवास’ या नावाने छापले. तेव्हापासून मराठी वाचकाच्या मनात एक समजूत बसली आहे. एक साधाभोळा भटजी पैसे मिळवायला गेला आणि दैवयोगाने इतिहासाच्या मधोमध सापडला, ही ती समजूत. मला ती मान्य नाही. भटजींचे कर्ज, त्यांचा प्रवास आणि बंड या तिन्हींना जोडणारी एक पडझड आहे, आणि ती ध्यानात घेतली की या पुस्तकातली हानी वेगळ्या वजनाने वाचावी लागते.

भिक्षुकीकडे आज आपण एक धार्मिक रूढी म्हणून पाहतो. अठराव्या शतकात तो एक व्यवसाय होता आणि त्याला राज्याच्या तिजोरीचा आधार होता. श्रावणातली दक्षिणा वाटण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावात चालू केली. पुढे ती पेशव्यांनी पुण्यात उचलून धरली आणि पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण गोळा होऊ लागले. कोकणातल्या खाचरातून वर्षाचे धान्य निघाले तरी रोख पैसा निघत नसे. लग्नमुंजीला, श्राद्धपक्षाला आणि सावकाराच्या व्याजाला रोकड लागे, ती वेदपठणाच्या जोरावर देशावरून यायची. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही, पण तिला कात्री लागली. १८२१ साली पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेचा खर्च याच निधीतून उभा राहिला. १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी, त्यांत लोकहितवादीही होते, या पैशातून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावे असा अर्ज केला, आणि दोन वर्षांनी दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. मराठी गद्याचे त्यातून भले झाले, यात शंका नाही. त्या अर्जदारांची बाजू मला आजही बरोबर वाटते. पण ज्या पैशातून मराठी पुस्तके निघू लागली, तो पैसा काल-परवापर्यंत वरसईसारख्या गावांत चूल पेटवत होता, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात फारशी कोणी लिहीत नाही.

पुण्याचा झरा आटला तसा हा व्यवसाय उत्तरेकडे सरकला. ग्वाल्हेर, इंदूर, धार, बडोदे, नागपूर, झाशी, ब्रह्मावर्त (बिठूर) ही मराठी दरबारांची ठिकाणे भिक्षुकाच्या नकाशावरची गावे झाली. तिथे मराठी बोलणारे शास्त्री होते, कोकणातून गेलेले कारकून होते, अनुष्ठाने होती, आणि ओळखीच्या ओळखीने यजमान सापडत असे. या नकाशावरची गावे १८५० नंतर भराभर विझू लागली. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव १८५१ च्या जानेवारीत ब्रह्मावर्तास वारले आणि त्यांचा आठ लाखांचा वार्षिक तनखा कंपनीने पुढे त्यांचे दत्तकपुत्र नानासाहेबांना चालू ठेवला नाही. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव गेले, डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले गेले. दोघांनाही औरस वारस नव्हता, आणि दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये दोन्ही राज्ये खालसा झाली. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कागदांत ही संस्थानांची बाब होती. दरबारावर जगणाऱ्या हजारो कुटुंबांच्या दृष्टीने त्या तीन-चार वर्षांत तीन मोठी घरे बंद झाली. अशा वेळी बायजाबाईंच्या यज्ञाची बातमी वरसईला येते. जिथे पूर्वी दहा दारे होती तिथे एकच दार उघडे दिसत होते, म्हणून माणसे मुंबई इलाख्यातून थेट मथुरेची वाट धरायला तयार झाली. दत्तक नामंजूर झाल्याने झाशीच्या राणीला शेवटी तलवार घ्यावी लागली, आणि त्याच धोरणाने भिक्षुकाला इतक्या लांबच्या रस्त्यावर आणले. झाशीच्या कोटात दोघे एकाच वेळी असणे म्हणूनच मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल की हा तर्क तुमचा; भटजींनी असे कुठे लिहिले आहे? खरे आहे, त्यांनी तसे लिहिलेले नाही. ते कर्जाचे सांगतात, यज्ञाचे सांगतात, वडिलांची परवानगी सहजासहजी मिळाली नाही हे सांगतात. राज्यकर्त्यांच्या धोरणाची मीमांसा त्यांच्या पुस्तकात शोधू नये. पण माणूस स्वतःच्या अडचणीचे जे कारण सांगतो ते नेहमीच जवळचे असते. लांबचे कारण त्याच्या हिशेबाच्या आकड्यांत दडलेले असते. महूच्या जवळ या दोघांना कंपनीचे शिपाई भेटले आणि लवकरच बंड होणार असल्याचे त्यांनी सांगितले. काडतुसांची गोष्ट सांगितली, आणि धर्म बुडवण्यासाठी सरकारने चौऱ्याऐंशी कलमांची एक यादी काढल्याचीही हकीकत सांगितली. अशी यादी कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. काही अभ्यासकांनी ही अफवा म्हणून सोडून दिली. मला मात्र ती पुस्तकातली एक मोलाची नोंद वाटते, कारण त्या वर्षी रस्त्यावरचा शिपाई आणि रस्त्यावरचा भिक्षुक एकमेकांना काय सांगत होते आणि त्यांना काय पटत होते, हे तिच्यातून कळते. दोघेही घरापासून दूर पोटासाठी निघालेले, आणि आपल्या पायाखालची जमीन कोणीतरी काढून घेत आहे याची जाणीव दोघांनाही होती. यादी खोटी होती, पण ती ज्या भीतीतून जन्मली त्या भीतीला दप्तरांत भरपूर आधार सापडतो. झाशीच्या खालशाचा हुकूम त्यातलाच.

आता झाशीकडे येऊ, कारण पुस्तकाचा गाभा तिथे आहे. इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज १८५८ च्या मार्चअखेर झाशीपुढे आली. मदतीला आलेल्या तात्या टोप्यांचा १ एप्रिलला बेटवेकाठी पराभव झाला, आणि ३ एप्रिलला इंग्रजी फौज तटावरून आत शिरली. लष्करी इतिहासात येथून राणीच्या घोड्याबरोबर काल्पी आणि ग्वाल्हेरकडे जाण्याची रीत आहे. विष्णुभट शहरातच राहतात, कारण त्यांना जायला जागाच नाही. जी कत्तल झाली तिला ते ‘बिजन’ म्हणतात. हा शब्द त्या काळच्या मराठीत रूढ होता, आज तो जवळजवळ गेला आहे. तळघरात लपणे, पाण्यावाचून तळमळणे, शिपायांनी शोधून काढून जवळची कमाई काढून घेणे, हे सारे ते सांगतात. पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तपशील लुटीच्या क्रमाचा आहे. आधी सोने-चांदी आणि रोकड गेली, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य. सेनापतीच्या अहवालात लूट ही एका वाक्याची बाब असते. भटजी ती घरातल्या माणसासारखी मोजतात. दागिना गेला तर अब्रू जाते, हंडा-कळशी गेली तर पाणी भरता येत नाही, लुगडे-धोतर गेले तर बाहेर पडता येत नाही, आणि धान्य गेले की काही उरत नाही. घर कोणत्या क्रमाने मरते याचा असा हिशेब दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही. तो हिशेब जमण्याचे कारण भटजींचा व्यवसाय आहे. दक्षिणेत काय मिळाले, पात्र किती, वस्त्र कोणते, शिधा किती, हे मोजत ज्याचे आयुष्य गेले, त्याचीच नजर दुसऱ्याच्या घरातून काय काय गेले यावर अशी ठरते.

झाशीच्या ग्रंथसंग्रहाचा नाशही त्यांनी याच दुःखाने नोंदवला आहे. वेदशास्त्रांच्या पोथ्यांचा तो मोठा साठा होता. आपण अशा प्रसंगाला संस्कृतीची हानी म्हणतो. पोथी हे ज्याच्या धंद्याचे हत्यार आहे त्याला ती हानी आणखी एका बाजूने कळते. हाताने लिहिलेली एक पोथी म्हणजे कोणाचे तरी कित्येक महिने, आणि संदर्भाला दूरच्या शास्त्र्याने ती पाहायला यावे असा एक जिवंत व्यवहार. तो संग्रह गेल्यावर झाशीला जाण्याचे भिक्षुकाचे आणखी एक कारण संपले.

या पुस्तकावरचा सर्वांत जुना आक्षेप स्मरणाचा आहे. पंचवीस वर्षांनी लिहिलेली हकीकत, तीही कोणाच्या आग्रहावरून. तारखा घसरतात, ऐकीव आणि पाहिलेले एकत्र होते. शिवाय वैद्यांनी छापताना मजकुरावर हात फिरवला, काही गाळले आणि पुस्तकाच्या नावाला बंडाच्या हकीकतीची जोड दिली. या आक्षेपाचा दुसरा भाग आता बराच निकालात निघाला आहे. मूळ मोडी हस्तलिखित वैद्यांनी पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिले आणि १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मुळाबरहुकूम आवृत्ती काढली. मूळ पाठ पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. वैद्यांच्या हातून बंड पुढे आले आणि प्रवास थोडा मागे गेला. १९०७ साली, बंडाला पन्नास वर्षे होत असताना, ते समजण्यासारखे आहे. पहिल्या भागाबद्दल असे म्हणता येईल की भटजींच्या चुका कुठे होतात ते पाहावे. दूरच्या लढाया, राजकारण, साहेबांच्या सभा, म्हणजे जे त्यांनी ऐकले, तिथे त्यांचे बोट सुटते. तळघर, विहीर, रस्ता, देणे-घेणे, जेवण, म्हणजे जे अंगावरून गेले, तिथे ते घट्ट उभे असतात. झाशीच्या जळत्या घरांचे आणि प्रेतांनी भरलेल्या रस्त्यांचे वर्णन ह्यू रोजच्या फौजेबरोबर असलेल्या डॉक्टर थॉमस लोच्या १८६० च्या इंग्रजी पुस्तकातही आहे. दोघे तटाच्या दोन बाजूंना होते, एकमेकांचे लिखाण वाचण्याचा संभव नव्हता, तरी रस्ता एकच दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हे दुःख एका ब्राह्मण पुरुषाचे आहे. झाशीत मेलेले कोष्टी, तटावर तोफा चालवणारे गोलंदाज, दारूगोळा वाहणाऱ्या बायका यांना स्वतःचे पुस्तक मिळाले नाही. दक्षिणेची व्यवस्थाच जन्मावर उभी होती, आणि तिच्या ऱ्हासाबद्दल हळहळणे म्हणजे त्या विषमतेबद्दल हळहळणे होय, असेही म्हणता येईल. या आक्षेपातला पहिला भाग मी पूर्ण मानतो; या पुस्तकाला शहराचे एकमेव साक्षीपत्र मानणे चूक ठरेल. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला फरक करावासा वाटतो. एखादी व्यवस्था अन्यायाची होती, हे म्हणणे वेगळे आणि ती मोडताना माणसे कशी उघड्यावर पडली याची नोंद घेणे वेगळे. दक्षिणा बंद झाली ती समतेसाठी झाली नाही. राज्ये खालसा झाली तेव्हा कोष्ट्याचे दरबारी गिऱ्हाईकही गेले आणि शिपायाची चाकरीही गेली. भिक्षुकाची हकीकत टिकली कारण त्याला लिहिता येत होते. तिच्यात इतरांचे जे तुकडे सापडतात ते वेचण्याचे काम आपले आहे.

भटजींच्या लिखाणात राणीही अशाच एका तुकड्यात सर्वांत जिवंत होते. दरबारातले तिचे वर्णन सविस्तर आहे, पण मनात राहते ती झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली, धुळीने माखलेली आणि तहानलेली बाई. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात आणि ती त्यांना काढू देत नाही. राज्य हरवलेली यजमानीण आणि कमाई हरवलेला भिक्षुक एका पोहऱ्यापाशी उभे आहेत, आणि देण्याघेण्याचे जुने नाते क्षणभर उलटे झाले आहे. त्यानंतर जूनच्या मध्याला ग्वाल्हेरला राणी पडली. विष्णुभट आणि रामभट मात्र हिंडत राहिले. चित्रकूट झाले, प्रयाग झाले, काशी झाली.

पैसा मिळवायला निघालेल्या माणसाने शेवटी काशीहून काय आणले? गंगेची कावड. बांबूच्या दोन टोकांना पाणी बांधून, खांदे बदलत, ती वरसईपर्यंत पायी न्यायची. उत्तरेकडून कोकणात येणारा हा रस्ता शेकडो कोसांचा. कर्जासाठी गेलेल्या मुलाने लुटला जाऊन पाणी आणले, तर घरच्यांनी त्याला काय म्हणावे, असा व्यवहारी प्रश्न येथे पडू शकतो. पण निघताना मुलाच्या अंगावर दोन देणी होती, एक सावकाराचे आणि एक आई-वडिलांचे. पहिल्याची रक्कम झाशीच्या तळघरात गेली. दुसऱ्याचे भांडे खांद्यावर होते. बंड शमल्यावरच्या त्या देशातून चौक्या, पडकी गावे आणि ओस दरबार ओलांडत भटजींनी ते घरी आणले, आणि वरसईला आई-वडिलांना गंगेच्या पाण्याने स्नान घातले.