खुब्यातला सिरॅमिकचा गोळा का फुटतो?

अहेरीच्या परिसरात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. त्यांच्या विळ्यासारख्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त मिळत नाही आणि ऐन तारुण्यात ते खचते. अशा रुग्णाचा बदललेला खुबा दीर्घकाळ टिकायला हवा. म्हणून फारच कमी झिजणाऱ्या सिरॅमिकचे महत्त्व.

१९७० साली फ्रान्समध्ये पिएर बुतँ यांनी ॲल्युमिनाचा खुबा प्रथम बसवला. पण काही गोळे फुटले. धातू ताणाखाली किंचित वाकतो. सिरॅमिक वाकत नाही. आतल्या सूक्ष्म छिद्रापाशी ताण एकवटतो आणि तेथून भेग धावते. वर्गात खडूवर खोल ओरखडा काढून तो मोडून पाहा. तो बहुधा तेथेच मोडेल.

पुढे अधिक चिवट झिर्कोनिया आले. १९९८ मध्ये एका फ्रेंच उत्पादकाने भट्टीची पद्धत बदलली. नव्या भट्टीतल्या काही गोळ्यांत स्फटिकांची रचना शरीरातच बदलून आकारमान वाढले, तडे गेले. २००१ मध्ये ते गोळे परत मागवावे लागले.

आज ॲल्युमिनातच झिर्कोनियाचे कण मिसळतात. भेग जवळ आली की हे कण फुगतात आणि तिला दाबून धरतात. ज्या फुगण्याने गोळे फुटले, तेच आता त्यांना सावरते. धोका पुष्कळ घटला. पूर्ण संपलेला नाही.