क्रियाविशेषण, इंग्रजी : मराठी भाषकांच्या वापरात

इंग्रजी व्याकरणाच्या आठ शब्दजातींपैकी एक. इंग्रजी नाव ॲडव्हर्ब. क्रियापद, विशेषण, दुसरे क्रियाविशेषण किंवा अख्खे वाक्य यांच्याविषयी जास्तीची माहिती देणारा शब्द. बाकीच्या सात कप्प्यांत जे मावले नाही ते व्याकरणकारांनी या आठव्यात कोंबले आहे. म्हणूनच ‘क्विकली’, ‘येस्टरडे’, ‘व्हेरी’ आणि ‘नॉट’ असे एकमेकांशी काडीचे साम्य नसलेले शब्द इथे शेजारी नांदतात. प्रस्तुत नोंद मराठी माध्यमातून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या, त्यातही पाचोरा व आसपासच्या खानदेशातील बोलीभाषकांच्या अडचणी समोर ठेवून केली आहे.

परंपरा : मराठीचे छापील व्याकरण विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथून इंग्रजीत प्रसिद्ध केले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. दादोबांच्या मांडणीवर लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाची (१७९५) छाया किती, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. आठ शब्दजातींची चौकट मात्र इंग्रजी वळणाची आहे, हे सहसा मान्य केले जाते. संस्कृत परंपरेत यास्काने शब्दांच्या चारच जाती मानल्या होत्या आणि क्रियाविशेषणाला त्यांत स्वतंत्र जागा नव्हती. चौकट सारखी असल्यामुळे मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांतली क्रियाविशेषणेही सारखीच असणार, असा समज शाळेत होतो. पुढच्या बहुतेक चुका त्यातून निघतात.

अव्यय की विकारी : शालेय पुस्तकांत या शब्दजातीचे पूर्ण नाव ‘क्रियाविशेषण अव्यय’ असे येते, म्हणजे रूप न बदलणारे. परंतु ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’, ‘ते चांगले गातात’ या वाक्यांत क्रियेविषयी सांगणारा शब्द कर्त्याप्रमाणे बदलतो. त्याला विशेषण म्हणावे की विकारी क्रियाविशेषण, हा वाद जुना आहे; त्याचा निकाल इथे लावण्याचे कारण नाही. शिकवताना महत्त्वाचे एवढेच, की मराठीत ‘चांगली मुलगी’ आणि ‘चांगली गाते’ यांत एकच शब्द चालतो. त्यामुळे विद्यार्थी ‘शी सिंग्ज गुड’ लिहितो. तो ‘वेल’ विसरलेला नसतो. त्याच्या भाषेने इथे दुसरा शब्द कधी मागितलेलाच नसतो.

‘-ली’ प्रत्यय : जुन्या इंग्रजीत ‘शरीर, रूप’ या अर्थाचा जो शब्द होता त्याच्याशी याचे नाते आहे, ‘त्या रूपाचा, त्यासारखा’ हा मूळ भाव. विशेषणाला ‘-ली’ लावली की क्रियाविशेषण झाले, हा वर्गातला नियम निम्माच खरा आहे. ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ ही विशेषणे आहेत. ‘फास्ट’ला ‘-ली’ लागत नाही. ‘हार्ड’ला लागते, पण अर्थ उलटतो. नोकरीच्या अर्जात ‘आय विल वर्क हार्डली’ असे लिहिणारा उमेदवार आपण फारसे काम करणार नाही, अशी लेखी हमी देत असतो.

पाचोरा जंक्शनच्या फलाटावर उभे राहिले तरी हा धडा ऐकू येतो. गाडी ‘रनिंग लेट’ असते, ‘लेटली’ कधीच नसते. ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. गाडी ‘शॉर्टली’ येणार असते, म्हणजे थोड्याच वेळात. तिच्या आखूडपणाशी त्याचा संबंध नाही.

एका मराठी शब्दाला अनेक इंग्रजी : शब्दकोशात एकास एक जोड्या दिलेल्या असतात, बोलण्यात त्या टिकत नाहीत. ‘लवकर ये’ यात वेळेआधी ये (अर्ली), भराभर ये (क्विकली) आणि फार दिवस लावू नकोस (सून) असे तिन्ही अर्थ बसतात. कोणता, ते प्रसंग ठरवतो. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी नॅरोगेज गाडी ‘पीजे’ हळू जायची तेव्हा ‘स्लोली’, आणि बाळ झोपले असताना हळू बोलायचे तेव्हा ‘सॉफ्टली’. ‘जोरात’ हा सर्वांत कष्टाळू शब्द म्हणावा लागेल : पाऊस जोरात येतो तो ‘हेविली’, मोटारसायकल जोरात जाते ती ‘फास्ट’, मास्तर जोरात बोलतात ते ‘लाउडली’ आणि चेंडू जोरात मारायचा तो ‘हार्ड’. ‘अजून इथेच आहे’ यात ‘स्टिल’ लागते, ‘अजून आला नाही’ यात ‘येट’. ‘परत आला’ म्हणजे ‘बॅक’, ‘परत विचारले’ म्हणजे ‘अगेन’. ‘खूप’ बेधडक ‘टू’ने सांगितले जाते, पण ‘टू’मध्ये प्रमाणाबाहेर गेल्याची तक्रार असते, ती ‘व्हेरी’त नाही.

उलट बाजूने पाहता, मराठीची झटकन, धाडकन, सपासप, हळूहळू, रडतरडत ही संपत्ती इंग्रजी क्रियाविशेषणांत उतरत नाही. दार ‘धाडकन लावले’ याला इंग्रजीत ‘स्लॅम’ हे एकच क्रियापद पुरते. आवाज क्रियेतच मुरलेला असतो. असे शब्द ‘-ली’ लावून भाषांतरित करण्याचा हट्ट धरू नये.

स्थलवाचके व बोली : ‘इथे आहे’ आणि ‘इकडे ये’ हा भेद मराठी पाळते. इंग्रजीतही तो होता. ‘हिदर’, ‘दिदर’, ‘व्हिदर’ हे दिशा दाखवणारे शब्द मागे पडले आणि आता दोन्हीकडे ‘हिअर’, ‘देअर’, ‘व्हेअर’ चालतात. अहिराणीत आठे (इथे), तठे (तिथे), कथा (कुठे), आते (आता) अशी रूपे आहेत. ‘कथा चालना, भाऊ?’ याचे इंग्रजी करताना मुलाला आधी प्रमाण मराठीचा उंबरा ओलांडावा लागतो आणि मग इंग्रजीचा. ही दुहेरी चाल पाठ्यपुस्तकांनी हिशेबात धरलेली नाही. ग्रिअर्सनने आपल्या भाषापाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडात न घेता भिल्ल भाषांच्या भागात (१९०७) घातले. अहिराणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, याविषयी मते भिन्न आहेत. तिची व पूर्वेकडील तावडी बोलीची हद्दही काटेकोर आखता येत नाही.

स्थान : रीतिवाचक, स्थलवाचक, कालवाचक हा इंग्रजीचा सर्वसाधारण क्रम; मराठीचा नेमका उलटा. ‘काल स्टेशनवर तो शांतपणे बसला होता’ हे वाक्य शेपटाकडून वाचत गेले की ‘क्वाएटली, ॲट द स्टेशन, येस्टरडे’ असे इंग्रजी हाती येते. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवू नये : ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ हे मुख्य क्रियापदाआधी येतात, पण ‘इज’, ‘वॉज’ यांच्यानंतर.

‘च’ आणि ‘ओन्ली’ : मराठीचा ‘च’ ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याला चिकटतो, चुकायला जागाच नसते. ‘ओन्ली’ वाक्यात भटकते आणि जागेबरोबर अर्थ बदलते. ‘मी तिथेच होतो’ याचे ‘आय वॉज देअर ओन्ली’ हे भारतभर ऐकू येणारे रूप म्हणजे इंग्रजी शब्दाला लावलेला ‘च’च होय. परीक्षक त्याला चूक धरतात. प्रस्तुत नोंदकर्ता बोलण्यात ते चालू द्यावे अशा मताचा आहे, लेखनात नव्हे.

शालेय अध्यापन : महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून असे, २००० पासून ती पहिलीपासून शिकवली जाते. जुन्या पिढीचा आधार भाषांतर पाठमालांवर होता.

तुलनात्मक रूपे : ‘फास्टर’, ‘मोअर स्लोली’, नियम बहुतांशी विशेषणांप्रमाणेच.